प्रकल्प नोंदी : आईची मिशरी

१५ जानेवारी २०२५, बुधवार

काल संक्रांत. सुगडं पुजून झाली, घरातल्या बायका वाणवशाला बाहेर पडल्या आणि आमची सहा वर्षांची धाकटी मागच्या ओट्यावर आईची डबी उघडून बसली. आज्जी करते तसंच बोट बुडवलं, हिरड्यांवरून फिरवलं. थोड्या वेळात पोरगी पांढरीफटक पडली आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांकडे पळवली. रात्री उशिरा सावरली.

आई तिच्या उशाशी जागी होती. पहाटे मला म्हणाली, "ही आता सुटाय पायजे बाबा. कशी सुटंल ते तू बघ."

आजवर आम्ही तिच्या मागं लागायचो, ती हसून सोडून द्यायची. या वेळी ती स्वतः बोलली. म्हणून ही वही.

शहरातल्या नव्या पिढीला माहीत नसेल, म्हणून लिहून ठेवतो. मिशरी म्हणजे तव्यावर काळाकुट्ट होईपर्यंत भाजून बारीक केलेला तंबाखू. तो दातवण म्हणून बोटानं लावतात, पण दात घासणं हे निमित्त. आईला चौदाव्या वर्षी दाढ ठणकायला लागली, तेव्हा तिच्या आज्जीनं बोटावर घेऊन लावली होती. आज ती ६३ वर्षांची आहे. म्हणजे ४९ वर्षं.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात चार लेथचं वर्कशॉप आहे. जॉब मापात येत नसेल, तर आम्ही आधी सेटिंगला हात लावत नाही. दहा पीस काढतो, दहाही मोजतो, कुठं आणि किती सरकतंय ते बघतो. इथंही तसंच करायचं ठरवलंय. आठवडाभर काही सोडायचं नाही, फक्त मोजायचं.

२३ जानेवारी, गुरुवार

१७ ते २३ तारखेची मोजणी पूर्ण. मागच्या दाराला कागद चिकटवला होता, दोऱ्यानं पेन्सिल बांधली होती. लावली की रेघ आणि वेळ.

सुरुवातीला आईला विचारलं होतं, दिवसातून किती वेळा? "चार, लई तर पाच." कागदावर आलं ६, ६, ५, ९, ७, ७, ७. एकूण ४७.

"आरं, एवढी? मी खोटं न्हाई सांगितलं रं तुला."

खोटं नव्हतंच ते. तिला खरंच माहीत नव्हतं. चारदा तर मी बघितलं, की बोट तोंडात गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि मग ती पेन्सिलीकडं वळली. अमेरिकेतल्या वेंडी वुड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना दिवसभर ठरावीक वेळानं थांबवून, आत्ता काय करताय आणि डोक्यात काय चाललंय, हे लिहायला लावलं होतं. २००२ साली त्यांनी मांडलं, की सुमारे ४३ टक्के कामं माणसं सवयीनं, मन दुसरीकडंच असताना करत होती. दाराचा कागद बघून तो आकडा मला पटला.

मेंदूत काय होतं, तेही वाचलं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात ॲन ग्रेबिएल यांनी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या वाटेवर उंदीर पळवले, शेवटी चॉकलेट ठेवलं. नवखा असताना उंदराच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या एका भागातल्या पेशी सगळी वाट संपेपर्यंत काम करत होत्या. वाट अंगवळणी पडल्यावर फक्त सुरुवातीला आणि शेवटी. मधला सगळा भाग एक गठ्ठा बनून आपोआप चालायचा. आईचा गठ्ठा असा: ओटा, डबीचं झाकण, चिमूट, बोट. झाकण उघडलं की पुढचं तिच्या हातात राहत नाही. मग थांबवायचं असेल तर झाकणाच्या आधी.

वेळा बघितल्या तर पाच ठिकाणं पक्की: उठल्या उठल्या, न्याहरीनंतर, जेवणानंतर, चारच्या चहाआधी आणि रात्री भांडी घासून झाल्यावर. उरलेल्या रेघा विखुरलेल्या वाटल्या, पण त्यातही नेम निघाला. ९ रेघा ज्या सोमवारी आल्या, त्या दिवशी आजऱ्याकडनं मावशीचा फोन होता, शेताच्या वाटणीवरून. आई बोलत होती आणि डबी मांडीवर होती.

२५ जानेवारी, शनिवार

दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. खालच्या ओठाच्या आत, जिथं मिशरी साठते तिथं, पांढरट चट्टा आहे. डॉक्टरबाईंनी न घाबरवता सांगितलं: तंबाखू बंद केल्यावर असे चट्टे बऱ्याचदा फिके होतात, नाही झाला तर तुकडा काढून तपासायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं बिनधुराच्या तंबाखूला माणसात नक्की कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातलंय. मिशरी त्यातच आली. भाजल्यानं तंबाखू 'मरतो' हा आमच्या घरातला समज खोटा.

निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं च्युइंगम लिहून दिलं. खायची पद्धत वेगळी आहे. दोन-चार वेळा चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं, कमी झाल्या की परत चावायचं. चहा-कॉफी किंवा आंबट काही घेतलं असेल तर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटिन तोंडात नीट शोषलंच जात नाही. आमच्या घरात चहावर चहा असतो. हे बाईंनी सांगितलं नसतं, तर आठ दिवसांत आईनं "ह्यात काय दम न्हाई" म्हणून ते फेकून दिलं असतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून तीन बदल. सोडायची नाही, अवघड करायची.

पहिला: घरात भाजणं बंद. दर पंधरा दिवसांनी लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारातनं तंबाखू यायचा, परसात तवा चढायचा, गल्लीभर ठसका. तो वासच आईला बोलावतो. तवा मी वर्कशॉपला नेला.

दुसरा: डबी ओट्यावर राहणार नाही. माडीवरच्या कपाटात. आईचे गुडघे दुखतात, सतरा पायऱ्या आहेत.

तिसरा: मिशरी डाव्या हातानं लावायची.

हा तिसरा मला वाचताना सापडला. वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थिएटरमध्ये लोकांना पॉपकॉर्न दिले होते. काहींना ताजे, काहींना आठवड्याचे शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्नची जुनी सवय, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच संपवले. जीभ नको म्हणत असणार, हात ऐकत नव्हता. पण दुसऱ्या प्रयोगात नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हातानं खायला सांगितल्यावर तशाच सवयीच्या लोकांनी शिळे कमी खाल्ले. हात बदलला आणि मन जागेवर आलं.

आई ऐकून चकित. "डाव्या हातानं? तोंडात? शी!" मग स्वतःच थांबली. "मंग लावूशीच न्हाई वाटणार की."

तेच हवं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आठवड्याच्या रेघा: ५, ४, ४, ३, ४, ३, ३. काल आई पायऱ्या अर्ध्या चढून परत खाली आली. "कशाला चढले हुते तेच इसरले," म्हणाली. तिची ओढ गेलेली नाही, पण चढता चढता तिला विचार करायला वेळ मिळाला.

उद्यापासून पूर्ण बंद. दिवस आईनं निवडला. सोमवार. जोतिबाचा वार रविवार, म्हणून आज वाडी रत्नागिरीला जाऊन आली, तिथं सांगून आली.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहाटेची वेळ सगळ्यात घट्ट होती. तिच्यावर आईनंच उपाय काढला. उठायचं, चूळ भरायची, ब्रश करायचा आणि मागच्या दाराला न जाता पुढच्या दारानं थेट अंबाबाईच्या काकड आरतीला. आम्ही शिवाजी पेठेत राहतो, देऊळ चालत जवळ. "देवीच्या दारात तोंडात तंबाखू धरून कोण जाईल?" तिचा प्रश्न. परत येईपर्यंत उजाडतं, चहाची वेळ होते, पहाटेची वेळ निघून गेलेली असते.

दुपारी-संध्याकाळी हातात जपमाळ. नेथन ॲझरिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ साली नखं खाणं, अंगाला झटके देणं अशा सवयींसाठी एक रीत मांडली: आधी सवय कधी येते ते ओळखायला शिकायचं, मग त्या क्षणी त्याच हाताला असं काम द्यायचं, की जुनं काम करताच येऊ नये. १०८ मणी उजव्या हाताच्या बोटांनी ओढताना तेच बोट डबीत जात नाही. माळ संपेपर्यंत ओढीची लाट बहुतेक वेळा ओसरलेली असते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वाईट दिवस. डोकं दुखतंय, झोप नाही, पोट साफ नाही. "मिशरीबिगर माझं पोट न्हाई साफ व्हत" असं ती वर्षानुवर्षं म्हणायची आणि आम्हाला तो बहाणा वाटायचा. बहाणा नव्हता. निकोटिन आतड्यांना चाळवतं, ते बंद झालं की काहींना खरंच बद्धकोष्ठ होतं. रात्री भिजवलेले मनुके आणि सकाळी कोमट पाणी सुरू केलं.

आमटीत मीठ कमी म्हणून ती माझ्या बायकोला लागेल असं बोलली. बायको काही बोलली नाही, पण डोळे भरले. मी तिला माजघरात नेऊन सांगितलं, पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण असतात, दोन ते चार आठवड्यांत बरंचसं उतरतं. हे तिला सोमवारच्या आधीच सांगायला हवं होतं. या प्रकल्पातली ही माझी चूक. सवय एकाची असते, पण ती सोडताना सगळं घर सोसतं. त्या घराला विचारून तारीख धरायला हवी होती.

आईनं रात्री सुनेला जवळ बसवून घेतलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

आजच्या दिवसाचं कारण मला मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत सापडलं. माकडाला खूण दाखवून मग फळांचा रस द्यायचे. आधी मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी रस मिळाल्यावर चेतायच्या. शिकून झाल्यावर त्या खुणेलाच चेतायला लागल्या. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी त्यांचं काम नेहमीच्याही खाली घसरायचं. जेवण झालं, हात धुतला, ही आईची खूण. त्यानंतरचा खड्डा ती रोज पाच वेळा सोसतीय. "मनात आणलं की झालं" असं म्हणणाऱ्यांनी तिच्याजवळ एक दुपार बसून बघावं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. पेठेत दिवसभर ढोल-ताशे. दहा दिवस झाले, शून्य रेघा. च्युइंगम दिवसाला पाच.

शेजारच्या काकू चारला येतात, त्यांच्याकडं त्यांची डबी असते. आईनं त्यांना सरळ सांगितलं, "ये, पर डबी घरात ठिऊन ये." त्या आल्या. बिनडबीच्या.

२ मार्च, रविवार

एकविसावा दिवस. काका आले होते, म्हणाले, "झालं, एकवीस दिवस झाले, सुटली. शास्त्रच हाय ते."

हा आकडा कुठून आला, ते मी शोधून ठेवलं होतं. मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. नाक-चेहरा बदललेल्या माणसांना नव्या रूपाची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६०च्या पुस्तकात लिहिलं. पुढं 'निदान' गळालं आणि २१ उरलं. मोजून बघितलं ते फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, ते २००९ साली प्रसिद्ध झालं. ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाचं एकच नवं काम: जेवणाबरोबर पाणी, फळ, चालणं असं. काम अंगवळणी पडायला लागलेले दिवस १८ पासून २५४ पर्यंत (१२ आठवड्यांपुढचे दिवस हिशोबानं काढलेले), मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नव्हतं.

आणि तेही नवी सवय लावण्याबद्दल आहे. ४९ वर्षांची जुनी काढण्याचा हिशोब त्यात नाही. काकांना एवढं सगळं सांगितलं नाही. आईचा चेहरा खुलला होता.

१० मार्च, सोमवार

आई पाच तारखेला माहेरी गेली होती, आजरा तालुक्यात, गावच्या यात्रेला. काल आली. घनसाळ तांदूळ, मध, सगळं आणलं, पण बोलेना. आज काकड आरतीला गेली नाही. दुपारी मला मागच्या ओट्यावर बोलावलं.

"शुक्रवारी लावली मी. शनवारी बी. काल निघताना बी."

मी विचारलं, कुठं? "गोठ्याच्या पायरीवर. आक्कानं डबी फुडं केली, मी घेतली बी. मला कळलंच न्हाई. तोंडात गेल्यावर कळलं."

आक्का म्हणजे मावशी. आणि पायरी गोठ्याची तीच. चौदाव्या वर्षी आज्जीनं आईला तिथंच बसवलं होतं.

कोल्हापुरातलं घर आम्ही बदललं होतं: डबी, तवा, दार, हात, काकूंचं येणं. गावातलं काहीच बदललं नव्हतं. मार्क बूटन यांनी प्राण्यांवर वर्षानुवर्षं हेच दाखवलंय. एका जागी विझवलेली शिकवण पुसली जात नाही, वर नवी शिकवण चढते, आणि ती नवी शिकवण जिथं शिकली त्या जागेला बांधलेली असते. जागा बदलली की जुनी वर येते. आमच्याकडं पत्रा वाकवताना हेच होतं. नव्वद अंशांत वाकवून सोडला की दोन-तीन अंश मागं येतो. तो दोष पत्र्याचा नसतो. आपण ते दोन अंश आधी धरायचे असतात.

उलट उदाहरणही आहे. १९७१च्या सुमारास व्हिएतनाममधले अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येनं हेरॉइन घ्यायला लागले होते. ली रॉबिन्स या बाईंनी घरी परतलेल्यांचा पाठपुरावा केला. तिथं जवळजवळ पाचातला एक व्यसनी झाला होता, पण त्यांतले सुमारे ५ टक्केच पहिल्या वर्षात पुन्हा त्यात अडकले. त्यांची ती जागा मागं राहिली. आईची जागा तिचं माहेर आहे. ते मागं टाका असं मी सांगणार नाही, आणि सांगूही नये.

हे सगळं तिला सांगितलं. पत्र्याचं तिला पटलं. "म्हंजे मी वाईट न्हाई?" असं विचारलं तिनं. हा प्रश्न तिच्या मनात तीन दिवस होता. रेघांचा कागद मी आल्या-गेल्यांना दाखवायचो, कौतुकानं. त्या कौतुकाचं ओझं झालं आणि ती परत आल्यावर गप्प बसली. आज कागद दारावरून काढून तिच्या कपाटात आत लावला. तिनं दाखवला तरच कोणी बघायचा.

११ मार्च, मंगळवार

पहिल्यापासून मोजायचं नाही, असं ठरलं. २५ दिवस वाया गेलेले नाहीत. फक्त आजची तारीख लिहिली.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. आईनं कडुनिंबाचा पाला चावला आणि म्हणाली, तोंड आता कडू सोसतंय. शून्य रेघा. च्युइंगम दिवसाला दोन.

१२ एप्रिल, शनिवार

चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. डोंगरावर गुलालात सासनकाठ्या, चांगभलंचा गजर. रांगेत अनोळखी बायकांनी मिशरी पुढं केली, आईनं माळ दाखवली. तेवढंच.

१० मे, शनिवार

पुढच्या शनिवारी मावशीच्या नातवाचं लग्न, चार दिवस गावाकडं. या वेळी आधी तयारी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात मांडलेली साधी गोष्ट आहे: 'मी हे करणार नाही' एवढा निश्चय पुरत नाही, 'असं झालं, तर मी असं करीन' अशी जोडी आधीच ठरवून ठेवली, तर त्या क्षणी विचार करावा लागत नाही. खूण जुनीच राहते, तिच्या पुढचं पाऊल बदलतं.

आई चौथी शिकलीय. वहीत तिनं स्वतः लिहिलं, मी फक्त जागा सोडली:

आक्कानं डबी फुडं केली तर मी म्हननार आधी च्या टाकते आन उटनार.

गोठ्याकडं जायाचं झालं तर नातीला संगं नेनार.

पहाटं उटले तर पाठीमागं न जाता इठलाच्या देवळात.

वाटणीचा विषय निघला तर माळ.

दुसरं वाक्य वाचून मी गप्प झालो. नातीसमोर ती आता मरेपर्यंत डबीला हात लावणार नाही, हे तिला स्वतःला कळलेलं आहे. माझ्या यादीत हे नव्हतं. ती वाक्यं आम्ही नुसती वाचली नाहीत. मी मावशी झालो, तिच्यासमोर रिकामी डबी धरली, ती उठून स्वयंपाकघरात गेली. तीनदा. तिसऱ्यांदा खरंच चहा टाकून आली.

१४ मे, बुधवार

दातांची तपासणी. चट्टा फिका झालाय, लहानही झालाय, पण गेलेला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या अजून दोन महिन्यांनी बघू, तेव्हा ठरवू. आई शांत होती. च्युइंगम आता दिवसाला एक, तेही रोज नाही.

२१ मे, बुधवार

काल रात्री परत आले. मी लग्नापुरता गेलो होतो, आई आणि धाकटी चारही दिवस तिथंच.

आज आईनं सांगितलं. मावशीनं पहिल्याच दुपारी डबी पुढं केली. बोट उठलं. उठलंच, ती म्हणाली. मग तोंडातनं "आधी च्या टाकते" निघालं आणि पाय चुलीकडं गेले. दुसऱ्या दिवशी मावशी चिडली, "माझ्या हातचं नको झालंय व्हय तुला?" याचं उत्तर वहीत लिहिलेलं नव्हतं. आईनं मावशीला संक्रांतीची गोष्ट सांगितली, नातीच्या ओकाऱ्यांची. मावशीला आम्ही ती कधी कळवलीच नव्हती. तिनं डबी पदराखाली घेतली आणि काही बोलली नाही.

निघायच्या सकाळी मावशी गाडीपर्यंत आली आणि आईला हळूच विचारलं, "डाव्या हातानं म्हणालीस न्हवं?"

आईनं मला आज कागद आखायला सांगितलाय. रकाने पहाटेपासून हवेत, मावशीची पहिली वेळ चारची आहे. आणि वर नाव घालायचं नाही. पेन्सिलीला दोरा लांब बांधायचा, त्यांचा ओटा मोठा आहे.